न झालेल्या जखमेची पट्टी

ज्याचे भले करायचे ते मूल समोर खाटेवर निजलेले असते. आणि ज्यांचे भले व्हावे म्हणून वैद्य नवी वाट शोधतो, ती मुले अद्याप जन्मालाही आलेली नसतात. वैद्याची बांधिलकी दोघांशीही असते. बहुतेक दिवशी या दोन बांधिलक्या एकमेकींच्या आड येत नाहीत, आणि म्हणून आपण दोन ठिकाणी बांधलेले आहोत याचा त्याला विसर पडतो. मग एखादी साधी दुपार अशी येते की दोहोंपैकी एकीचाच मान राखता येतो. त्या वेळी मनुष्य काय करतो ते त्याच्या विद्येवर ठरत नाही. इतकी वर्षे त्याला कशाची सवय लागली आहे, त्यावर ठरते. येथे जी हकीकत सांगायची आहे तिच्यात दुष्ट असा कोणी नाही. तसा एखादा असता तर ती सांगणे सोपे झाले असते.

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर दुभंगलेल्या ओठांच्या मुलांचा वॉर्ड होता, आणि तो ज्यांच्या शब्दावर चाले त्या शल्यचिकित्सक बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. अंगाने त्या लहानखुऱ्या होत्या. ऑपरेशनच्या टेबलाशी त्यांना पायाखाली फळी घ्यावी लागे, आणि भूल देणारे डॉक्टर त्यावरून त्यांची थट्टा करण्याची संधी सोडत नसत. "बाई मोठ्या, आणि फळी त्याहून मोठी," असे ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. मोठ्या बाई मास्कच्या आड हसत आणि हात पुढे करीत. त्यांचे हात पाहण्यासाठी विद्यार्थी लांबून येत असत.

ज्या मुलांचा वरचा ओठ आणि टाळू जन्मतःच दुभंगलेली असते त्यांचा ओठ तान्हेपणी शिवला जातो, टाळूही जोडली जाते. परंतु वरच्या हिरडीच्या हाडात एक खिंड राहून जाते. सुळा उतरण्याच्या वयापर्यंत ती खिंड हाडाने भरली नाही, तर त्या दाताला उभे राहायला जमीनच मिळत नाही. तो तिरपा होतो, अडकतो, नाहीतर पोकळीत उतरून निखळतो. पाणी प्यावे तर थोडे नाकातून बाहेर येते, आणि शाळेतली मुले ते विसरत नाहीत. हे हाड मोठ्या बाई मुलाच्याच कमरेतून घेत. कमरेच्या कडेशी लहानशी चीर पाडायची, आतले मऊ, जाळीदार हाड चमच्याने खरवडून काढायचे, आणि ते हिरडीच्या खिंडीत ठासून वर हिरडी शिवून टाकायची. आपलेच हाड आपल्या हाडाला लवकर ओळख देते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांचे सुळे नेमके जागेवर उतरत.

परंतु ती मुले लंगडत. तोंडाचे दुखणे लवकर ओसरे, कमरेचे मात्र रेंगाळे. भिंतीला धरून संडासापर्यंत जाणारी आणि परत येताना रडणारी मुले मोठ्या बाईंनी आयुष्यभर पाहिली होती. "तोंडाचं दुखणं घेऊन आलेल्या पोराला मी कंबरदुखी देऊन घरी पाठवते," असे त्या कधी कधी म्हणत. म्हणून जेव्हा हाड उगवणारी पावडर आली, ती पाण्यात कालवून मऊ स्पंजावर घ्यायची, तो स्पंज खिंडीत ठेवायचा आणि कमरेला हातही लावायचा नाही, तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. आनंदाने मात्र त्या फसणाऱ्या नव्हत्या. पावडरीचे हाड टिकते का, सुळ्याला पेलते का, हे पाहायला हवे होते. काही मुलांना कंबर, काहींना पावडर, आणि मग दोहोंची तुलना, असे त्यांनी ठरवले.

तुलना निष्पक्ष व्हावी म्हणून त्यांनी एक रीत घालून दिली. मूल भुलीखाली गेल्यावर ऑपरेशन थिएटरातल्या सिस्टर एका कापडी पिशवीत हात घालीत. पांढरी गोटी आली तर कंबर, निळी आली तर पावडर. आणि काहीही आले तरी मुलाच्या कमरेवर सारखीच पट्टी बांधायची. पांढऱ्या गोटीच्या मुलाला चिरेवर, निळ्या गोटीच्या मुलाला धडधाकट कातडीवर. कोणाचे काय झाले ते फक्त थिएटरातल्या माणसांना ठाऊक. वॉर्डमधले डॉक्टर, नर्सा, आईबाप आणि एक्स-रे वाचणारे, कोणालाच ते कळू द्यायचे नाही, म्हणजे कोणाचे मन एका बाजूला झुकायचे नाही. मुलाच्या जिवावर बेतले तर मात्र मोठ्या बाईंनी तत्काळ सांगून टाकावे, हा नियमही त्यांनीच घातला होता. पट्टीची युक्तीही त्यांचीच. तिचा त्यांना थोडा अभिमान होता.

या रीतीप्रमाणे जी मुले आली त्यांत एक मुलगी होती. एका जागी बसणे तिला ठाऊक नव्हते, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत, आणि वॉर्डनेही पहिल्याच दिवशी तेच नाव उचलले. बाप मालगाडीवर असे, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. आई बाळंतपणातच गेलेली. भिंगरीला आत्याने वाढवले होते. आत्या शिवणकाम करी. बोटाला सुया टोचून टोचून तिची जीभही तशीच झाली आहे, असे तिचा भाऊ म्हणे.

मोठ्या बाईंनी आत्याला समोर बसवून सगळे समजावून सांगितले होते: कंबर म्हणजे काय, पावडर म्हणजे काय, पावडरीने सूज जास्त आणि उशिरा येते हेही.

"म्हणजे चिठ्ठ्या टाकणार तुम्ही माझ्या पोरीवर," आत्या म्हणाली.

"चिठ्ठ्या नाहीत. गोट्या."

"मग बरंय. गोट्या ती चांगल्या खेळते." आत्याने थोडा वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहिले. "बाई, तुम्हाला यातलं कोणतं बरं वाटतं?"

"मला ठाऊक असतं तर मी गोट्या घेतल्याच नसत्या."

हे उत्तर आत्याला पटले. खोटे सांगायचे असते तर बाईंनी काहीतरी छान सांगितले असते, असा तिने हिशेब केला. भिंगरीची अट निराळी होती. सुळा आला की तिला सगळ्यांसमोर पेल्याने पाणी प्यायचे होते, एका घोटात, नाकाला हात न लावता.

सिस्टरांच्या हाती निळी गोटी आली. मोठ्या बाईंनी स्पंज बसवला, हिरडी शिवली, आणि भिंगरीच्या कमरेच्या कोवळ्या, अखंड कातडीवर स्वतःच्या हाताने घट्ट पट्टी बांधली.

पहिले दोन दिवस बरे गेले. सकाळी नर्स प्रत्येक खाटेशी येऊन हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे दाखवी आणि विचारी, "कंबर किती दुखते? दाखव बघू." शेजारच्या खाटांवरची मुले बोट ठेवीत, कण्हत, लंगडत. भिंगरीनेही रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवले. आपल्या कमरेतून हाड काढले आहे, अशी तिची खात्री होती. पट्टी तर होतीच. उठताना ती पट्टी ओढे आणि तिला कळ येई. ती कळ खोटी होती असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. भीतीलाही शरीरात कुठेतरी जागा लागते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या बाई पुढच्या ऑपरेशनसाठी हात धुऊन, कोपर वर करून उभ्या होत्या. टेबलावर दुसरे मूल भूल घेऊन निजले होते. वॉर्डातून धाकट्या डॉक्टरांचा फोन आला. हात स्वच्छ झालेले, म्हणून मदतनिसाने फोन त्यांच्या कानाशी धरला.

"मॅडम, भिंगरीचं तोंड बरंच सुजलंय. डोळ्याखालपर्यंत," धाकटा डॉक्टर म्हणाला. तो कामसू आणि भला होता, आणि मुलांच्या दुखण्याची नोंद ठेवण्याचे काम त्याच्याकडेच होते. "पण मुख्य तक्रार कमरेची आहे. सारखी रडतेय. साधं औषध पुरत नाहीये. ते जोराचं द्यायचं का?"

जोराचे औषध कमरेच्या मुलांना देत असत. त्याने दुखणे थांबते, गुंगी येते, आणि श्वासही मंद होतो. कमरेच्या मुलांचे तोंड तिसऱ्या दिवशी ओसरू लागलेले असते, म्हणून त्यांना ते सोसते.

मोठ्या बाईंना त्याच क्षणी सगळे ठाऊक होते. कमरेला जखम नाही. सूज पावडरीची आहे आणि ती अजून चढणार आहे. 'देऊ नको' एवढेच म्हणायचे होते. परंतु ते म्हणताच धाकटा डॉक्टर समजला असता, कारण तो मूर्ख नव्हता. आणि मग भिंगरी तुलनेतून बाद झाली असती. तुलनेत आता थोडीच मुले घ्यायची राहिली होती. इतकी वर्षे लंगडत गेलेली पोरे आणि पुढे येणारी पोरे, सारी जणू त्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"श्वास कसा आहे?" त्यांनी विचारले.

"नाक बंद आहे. तोंडाने घेतेय. तसा ठीक आहे."

'ठीक आहे' या शब्दाला त्यांनी घट्ट धरले. जिवावर बेतलेले नाही, म्हणजे नियम लागू होत नाही, असे त्यांच्या मनाने झटक्यात मांडून दाखवले.

"नेहमीप्रमाणे दे," त्या म्हणाल्या. "ही केस आटोपली की मी वर येतेच."

मदतनिसाने फोन काढून घेतला. टेबलाच्या डोक्याशी बसलेल्या भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मास्कच्या वरून त्यांच्याकडे पाहिले. निळी गोटी त्यांनीही पाहिली होती. मग त्यांनी नजर टेबलावरच्या मुलाकडे वळवली. नेहमीची थट्टाही त्यांनी केली नाही. मोठ्या बाई फळीवर चढल्या.

ती केस लांबली.

वर वॉर्डात काय झाले ते त्यांना पुढे आत्याच्या तोंडून कळले. औषध दिल्यावर भिंगरी शांत झाली. आत्याला बरे वाटले. तिने धाकट्या डॉक्टरांना दुवा दिला. खाटेशी बसून ती एका सदऱ्याला बटणे लावू लागली. मुलगी घोरू लागली तेव्हा पलीकडच्या बाईला ती म्हणाली, "ऐका, बापावर गेलीय. इंजिन लागलंय नुसतं." दोघी हसल्या. मग घोरणे थांबले. गाढ झोप लागली असेल, असे आत्याला वाटले, आणि आवाज होऊ नये म्हणून तिने कात्री हळूच खाली ठेवली. शेवटचे बटण लावून तिने मान वर केली तेव्हा मुलीचे ओठ जांभळे झाले होते.

खाली थिएटरात निरोप पोचताच भूल देणारे डॉक्टर हातातले मूल साहाय्यकाच्या स्वाधीन करून जिन्याने वर धावले. सुजलेल्या तोंडातून नळी जाईना. अखेर गळ्याला छिद्र पाडून श्वासाला वाट करून द्यावी लागली. मोठ्या बाई पोचल्या तेव्हा मुलीची छाती हलत होती, आणि खाटेखाली बटणे विखुरली होती.

भिंगरी जगली. तिचे डोके शाबूत राहिले, ही तिच्यावर आणि इतर सर्वांवर झालेली कृपा. परंतु सूज उतरावी म्हणून हिरडी उघडून स्पंज काढून टाकावा लागला, आणि ताणलेल्या हिरडीचा एक तुकडा काळा पडून गळून गेला. खिंड पूर्वीपेक्षा रुंद झाली. जो मांसाचा पडदा हाडावर ओढायचा असतो तोच उणा पडला. पाणी आता थोडे नव्हे, बरेचसे नाकातून येऊ लागले.

रुग्णालयाच्या प्रमुखांनी मोठ्या बाईंना खोलीत बोलावून घेतले. ते सज्जन होते, आणि वॉर्ड बंद पडू नये अशी त्यांची इच्छा होती.

"सूज पावडरीची होती. सूज येऊ शकते हे तुम्ही त्यांना आधीच सांगितलेलं होतं," ते म्हणाले. "तेवढं सांगा. फोनवर काय बोलणं झालं ते कोणी विचारलेलं नाही. उगाच खपली काढू नका."

"कोणी विचारलं नाही, कारण कोणाला ठाऊकच नाही."

"मग?"

"मग मलाच सांगावं लागेल."

प्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुमच्यामुळे शेकडो पोरं नीट जेवतायत. त्यांचाही विचार करा."

"त्या दिवशी मी तेवढाच विचार केला होता," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि उठल्या.

गळ्यातली नळी निघाल्यानंतर एका सकाळी त्या भिंगरीच्या खाटेशी गेल्या. आत्या तिचे केस विंचरत होती. कमरेवरची पट्टी अजून तशीच होती. त्या धांदलीत तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. मोठ्या बाईंनी पडदा ओढून घेतला, खाली बसल्या, आणि पट्टीची कड नखाने सोडवू लागल्या.

"जपून," आत्या म्हणाली. "टाके असतील."

पट्टी निघाली. खाली चिकटपट्टीच्या चार लाल रेघा होत्या, आणि बाकी नितळ कातडी. आत्याने त्या जागेवर हात ठेवला, दुसऱ्या बाजूला ठेवला, पुन्हा पहिल्या बाजूला आणला. भिंगरीने मान वाकवून पाहिले, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आत्या, मी खोटं नव्हते बोलत," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "खरंच दुखत होतं."

"तू खोटं बोलली नाहीस, बाळ," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुखत असणार. तुला तसं वाटावं अशीच पट्टी मी बांधली होती."

मग त्यांनी आत्याला फोनची हकीकत सांगितली. धाकट्या डॉक्टराने काय विचारले, आपल्याला काय ठाऊक होते, आपण काय म्हणालो, आणि का म्हणालो. आवाज त्यांनी चढू दिला नाही आणि पडूही दिला नाही. सांगून झाल्यावर क्षमा मागितली, एकदाच. कारण पुन्हा पुन्हा मागितलेली क्षमा समोरच्याला सांत्वन करायला लावते, हे त्यांना कळत होते.

आत्या फणीतले केस काढू लागली.

"सांगायला किती वेळ लागला असता?" तिने विचारले.

"एक वाक्य."

"एक वाक्य." आत्याने मान हलवली. "मी त्या पोराला दुवा दिला, बाई. औषध दिलं म्हणून. माझ्या तोंडाने दिला. आता तो परत कसा घेऊ?"

"त्याची चूक नाही. दुवा त्याच्यापाशीच राहू द्या."

"आणि तुमच्यापाशी काय ठेवू?"

मग आत्याच पुन्हा बोलली, पण आता तिचा आवाज व्यवहाराचा होता. "सुळ्याचं काय?"

"तो उतरायला लागलाय. हिरडी भरून आली की पुन्हा हाड घालावं लागेल. आता पावडर नाही. कमरेचंच. आणि यश पहिल्याइतकं खात्रीचं नाही. निम्मंच हाड धरेल, कदाचित त्याहून कमी."

"कोणाचा हात चांगला?"

"माझा. पण माझ्याच हाताखाली शिकलेला एक डॉक्टर दुसऱ्या गावी आहे. त्याचाही चांगला आहे."

"त्याच्याकडे नेऊ आम्ही," आत्या म्हणाली. "तुमचा हात मला पोरीच्या अंगाला नको. राग म्हणून नाही म्हणत. रागही आहे. पण ती झोपेल तेव्हा मला दारात बसायचंय, आणि तुम्ही आत असाल तर माझ्याने बसवणार नाही." तिने फणी खाली ठेवली. "पण तुम्ही यायचं. त्याला सगळं तुमच्या तोंडाने सांगायचं. मी सांगेन त्यात मला न समजलेलं राहून जाईल."

"येईन."

तुलना मोठ्या बाईंनी तेथेच थांबवली. कापडी पिशवी रिकामी केली, आणि ज्या मुलांच्या कमरा धडधाकट होत्या त्यांच्या आईबापांना एकेक करून बोलावून खरे सांगितले. काही ओरडले, काहींनी हात जोडले. हात जोडणारे सोसणे अधिक अवघड गेले. पावडरीचे हाड टिकते की नाही, हा प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहिला. वॉर्डातली मुले पुन्हा भिंतीला धरून चालू लागली, आणि आणखी किती वर्षे चालतील ते कोणालाच सांगता येईना. धाकट्या डॉक्टराने दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. भूल देणारे डॉक्टर टेबलाच्या डोक्याशी पूर्वीसारखेच बसत, पण फळीची थट्टा पुन्हा कोणी ऐकली नाही.

हिरडी भरून आल्यावर ठरल्या दिवशी मोठ्या बाई त्या दुसऱ्या गावी गेल्या. आपल्या विद्यार्थ्यासमोर बसून त्यांनी काही न वगळता सगळे सांगितले. तो मान खाली घालून ऐकत राहिला, कारण गुरूला असे बोलताना पाहणे त्याला जड जात होते. मग भिंगरीला आत नेले. तिने आत्याचा हात सोडला, मोठ्या बाईंकडे एकदा पाहिले, आणि दरवाज्याआड गेली.

बाहेर एक लाकडी बाक होता. आत्या एका टोकाला बसली. मोठ्या बाई उभ्याच राहिल्या.

"बसा," आत्या म्हणाली. "बाक माझ्या मालकीचा नाही."

त्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मध्ये बरीच जागा रिकामी होती. बऱ्याच वेळाने आत्याने दरवाज्याकडे बघतच विचारले, "आता आत काय चाललं असेल?"

"आता कमरेशी चीर पाडत असतील. लहान, बोटाच्या दोन पेरांएवढी."

"आणि मग?"

"मग हाडावरची मऊ कूर्चा बाजूला सारून आतलं हाड चमच्याने काढतात. ते लालसर असतं, ओल्या वाळूसारखं. वाटीत जमवतात. वाळू नये म्हणून लगेच वापरावं लागतं."

"दुखेल तिला?"

"दुखेल. बरेच दिवस. लंगडेल."

"खरंखुरं."

"हो. खरंखुरं."

आत्याने डोळे पुसले नाहीत. ते वाहू दिले. "आणि नाहीच धरलं तर?"

"तर खिंड राहील. सुळा ठेवता येणार नाही. पुढे मोठी झाल्यावर कृत्रिम दाताचा विचार करता येईल. पाण्याचं मात्र मी आज काही सांगू शकत नाही."

"बरं," आत्या म्हणाली. "सांगत राहा. थांबू नका."

मोठ्या बाई सांगत राहिल्या: वाटीतले हाड आता हिरडीशी नेत असतील, आता दाबून बसवत असतील, आता पडदा ओढून पाहत असतील, तो पुरतो का. जेथे ठाऊक नव्हते तेथे ठाऊक नाही असे म्हणाल्या. आतून कोणी अद्याप बाहेर आले नव्हते, आणि बाकावरच्या त्या दोघींमधले अंतर तेवढेच होते.

त्या मुलीच्या हाडाला हाड मिळो. मिळाले नाही, तरी तिला आपले मानणारे हात लाभोत. जिने एक वाक्य राखून ठेवले तिची वाणी यापुढे वेळेवर उघडो, आणि जिने ते ऐकून घेतले तिच्या मनाचा भार ज्या दिवशी हलका व्हायचा असेल त्या दिवशी होवो. जी मुले अजून यायची आहेत, त्यांना या सर्वांहून सुखाची वाट मिळो.